डांबरगोळ्यांचं बर्फ

लिही, पोरी. वहीत नाव नीट लिही :
ग्लाफिरा आर्सेन्येव्ना.
पडद्यावर ते चौथ्या ओळीत यायचं,
लोक तेव्हा अजून खुर्च्याच शोधत असायचे.
एकदा तर त्यातलंही एक अक्षर गाळलेलं.

मी दुइसेन. स्टुडिओतला सुतार.
बेचाळीस साली ती अल्मा-अताला उतरली,
पेटीत कपडे कमी, कुंचले जास्त,
आणि अंगावर कोट असा, की खुंटीला टांगलाय.
वेढ्यातल्या शहरातून आलेली.
मी अर्धा नान दिला. खाल्ला नाही,
रुमालात बांधला. मग म्हणाली,
"मला एक रस्ता हवाय. चौदा घरं."

बांधली.
प्लायवूडच्या दर्शनी भिंती तेवढ्या,
मागे तिरके टेकू, टेकूंमागे सफरचंदांची बाग.
दारं उघडायची. आत शेळ्या.
जुलै होता, आणि बर्फ हवं होतं.
मीठ रेशनवर.
चुना आला, खडूची भुकटी आली,
आणि कुठल्याशा गोदामातून डांबरगोळ्यांची तीन पोती.
कुटता कुटता डोळ्यांना धार लागायची,
सगळ्यांच्याच.
त्यात खरं कोण रडतंय ते कळायचं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीपाशी
ती चार दिवस शिडीवर.
कुंडीत जिरेनियम,
काचेवर कागदी पट्ट्यांची फुली,
फुलीचं एक टोक सुटलेलं.
दिग्दर्शक खालून ओरडला,
"कॅमेरा तिथवर पोचत नाही!"
"माहितीये," ती म्हणाली,
आणि सुटलेल्या टोकाला सावली दिली.

आईचं पत्र येत नव्हतं.
मग शेजारणीचं आलं.
त्या दिवशी तिनं पाणी मागितलं,
रंग कालवायला.
एवढंच.

शेवटी रस्ता जाळायचा होता. पटकथेत तसंच होतं.
एकच टेक.
ती कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला उभी,
आणि डांबरगोळ्यांचं बर्फ
निळ्या ज्वाळेनं पेटत गेलं.
असं जळणारं बर्फ मी पुन्हा पाहिलं नाही.

पुढचं तुला कागदांत सापडेल.
पोस्टाच्या मागच्या अंगणात पॅरिस बांधलं.
सिमेंट कारखान्याची राख आणून चंद्र बांधला,
पोरं बूट घालून त्यावर नाचली, रोज सकाळी नवा करावा लागायचा.
अडुसष्टचा सिनेमा मात्र कुणी पाहिला नाही.
मॉस्कोहून आलेला माणूस म्हणाला,
"सोव्हिएत माणसाची खोली इतकी काळोखी नसते."
ती म्हणाली, "माझीच आहे. चला, मोजू.
सोळा चौरस मीटर. काळोख धरून."

डबे सीलबंद झाले.
दोन वर्षं तिच्याकडे फक्त पाट्या रंगवायचं काम :
पादत्राणे. मासळी. आत येऊ नये.
घरी येऊन ती सफरचंदं रंगवायची,
सेटच्या जुन्या आराखड्यांच्या पाठीवर, कोरा कागद कुठला.
भिंतीवर लावशील तेव्हा एकदा उलटून बघ,
त्या हिरव्या सफरचंदाच्या मागे अख्खं बर्लिन आहे.

आता पेन्सिल ठेव. हे वहीत नको.
जाळायच्या आदल्या रात्री ती खिडकी मी उपटली,
जागी कोरी फळी ठोकली, घाईत काळं फासलं,
गाढवावर घालून घरी आणली.
अडतीस वर्षं बोललो नाही.
कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून होती.

निवृत्त झाल्यावर एकदा ती अंडी न्यायला आली.
काठी टेकून उकिडवी बसली. बराच वेळ.
मला वाटलं, ओरडेल. किंवा रडेल.

"सावली चुकलीये," म्हणाली.
"ही मी आतूनच पाहिलेली, दुइसेन.
कामाला निघताना आई इथे उभी राहायची,
आणि मला ट्राम गाठायची असायची.
मान वर करून बघितलंच नाही कधी."

मग अंडी मोजून घेतली. सहा.
एक तडकलेलं होतं,
ते बदलून मागितलं.